पाऱ्याच्या धुरातलं भूत

लई मागची गोष्ट. एका राज्यात देवळांच्या कळसांना सोन्याचा मुलामा देणारा एकच कारागीर होता. सोनं पाऱ्यात विरघळवायचं, तांब्याच्या कळसाला फासायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं मागं राहतं. घराण्याची विद्या. कुणी बघून चोरू नये म्हणून काम चालू असताना दारं-खिडक्या बंद, ही बापजाद्यांची रीत.

चाळिशी ओलांडली आणि माणूस बिघडला. हात कापायला लागले. भिंतीतून कुणी कुजबुजतंय म्हणायचा. शेजारी विद्येवर टपलेत म्हणून खिडकीच्या फटीसुद्धा त्यानं शेणानं लिंपल्या. शेवटी बायकोनं वाढलेलं ताट ढकलून दिलं.

"विष घातलंस. चोरांना तूच सामील आहेस. पुनवेच्या आत घर सोड."

गाव काय, तमाशाला तयारच. भगत आला, भूत धरलंय म्हणाला आणि झोडपायला निंबाचे फोक मागवले. बायको दारात आडवी उभी राहिली.

"मारून डोकं ठिकाणावर येत असतं, तर परटाचं गाढव कधीच पंडित झालं असतं."

भाऊ माहेरी न्यायला आला, त्यालाही तिनं परत धाडलं. घर सोडणार नाही आणि ह्यांनाही सोडणार नाही, एवढंच म्हणाली.

मग तिनं शेजारगावचा म्हातारा वैद्य गाठला. त्यानं भुताचं नावच काढलं नाही. नवरा बरा कधी असतो, ते विचारलं. तिनं आठवून सांगितलं, पावसाळ्यात काम बंद असलं की हसतो, पोटभर जेवतो. भट्टी पेटली, पारा उडायला लागला की कुजबुज सुरू.

"पारा उडतो म्हणतेस," वैद्य म्हणाला. "मग बंद खोलीतून तो जातो कुठं, बाई?"

बाई उठली ती थेट घरी. भट्टीवर घागर ओतली. कुऱ्हाड घेऊन दार उखडलं, खिडक्या फोडल्या. विद्या चोरीला जाईल म्हणून नवरा लहान पोरागत रडला.

"विद्या जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्हांला जाऊ देणार नाही."

पारा भिंतीत मुरलेल्या त्या घरात तिनं त्याला झोपूही दिलं नाही. माळावर झोपडी घातली, शिव्या खाल्ल्या, पण हलली नाही. हळूहळू भिंतीतले आवाज थांबले. हात मात्र पुरते सावरले नाहीत. पुढं तो ओबडधोबड घंगाळं घडवून जगला, बायकोच्या शेजारी बसून. राज्यातले नवे कळस तांब्याचेच राहिले आणि एकही देव त्यावर रुसला नाही.

बोध एवढाच: माणसाचं डोकं फिरलं तर त्याला झोडपू नका, त्याला काय बाधलं ते शोधा.