गोल कुणी खाल्ला?

"मग गोल काय आमी खाल्ला, वस्ताद?"

धनाजी इंगवले तालमीच्या दारातून थेट आत आला होता. आवाज चढलेला, कपाळावर घाम.

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती फावड्यानं वरखाली करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चपला," ते म्हणाले.

धनाजीनं जीभ चावली. मागं जाऊन चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा आला. तोवर त्याच्या प्रश्नातली वाफ थोडी गेली होती.

कोल्हापुरातल्या नागझरी तालमीचा फुटबॉल संघ त्या हंगामात हरत सुटला होता. आदल्या वर्षी चषक आणलेला संघ, पण यंदा कोणीही यावं आणि टपली मारून जावं, अशी गत. धनाजी त्या संघाच्या समर्थकांचा म्होरक्या. फ्लेक्स छापायचं दुकान, गळ्यात हलगी आणि आवाज असा की पेठेच्या या टोकाला खाकरला तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसावं. सामन्याला त्यानं गॅलरीत हात वर केला की सगळी गॅलरी श्वास धरून थांबायची आणि हात खाली आला की आभाळ फाटायचं.

बाबालाल वस्तादांनी जन्मभर पैलवान घडवले. फुटबॉलमधलं त्यांना किती कळतं, याबद्दल पेठेत दोन मतं होती. पण तालमीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं.

गेल्या रविवारी गोलकीपर अवधूत लाडच्या हातून अगदी साधा चेंडू निसटला आणि नागझरी पुन्हा हरली. सोमवारी सकाळी तालमीच्या दारावर फ्लेक्स लागला. अवधूतचा फोटो, फोटोला हार, खाली ठळक अक्षरात: 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, समस्त नागझरी समर्थक.'

दुपारपर्यंत फ्लेक्स दारावर राहिला नाही. आणि संध्याकाळी अवधूत सरावाला आला नाही.

"फ्लेक्स तुमी उतरवलासा?" धनाजीनं विचारलं.

"व्हय."

"का पण?"

वस्तादांनी फावड्यानं कोपरा दाखवला. फ्लेक्स तिथं पालथा अंथरला होता. त्याच्यावर चाळलेल्या मातीचा ढीग.

"कापड चांगलं हाय," ते म्हणाले.

धनाजीला हसावं की रडावं कळेना. तो हौद्याच्या कठड्यावर बसला.

"वस्ताद, आमी उन्हातान्हात उभं राहतो. घसा फुटंपर्यंत ओरडतो. सांगलीला मॅच असली तर टेम्पो भरून जातो. आणि हे पोरगं हातात आलेला चेंडू सोडतंय. आमी बोलायचं बी न्हाई? चूक त्याची, आणि गुन्हेगार आमी?"

"मी कुठं तसं म्हणलो?"

"फ्लेक्स काढला म्हंजे तेच की."

वस्ताद माती कालवत राहिले. तेल, ताक आणि हळदीचा वास हौद्यातून वर येत होता.

"गेल्या साली चषक आला," ते म्हणाले. "तवा फ्लेक्स कुणी लावला?"

"मीच."

"केवढा?"

"चौक झाकला होता निम्मा."

"फोटू कुणाचे?"

"सगळ्या टीमचे." धनाजी जरा थांबला. "...आणि माझा."

"कॅप्टनचा मोठा का तुझा?"

 बाहेर रस्त्यावरून एक फटफटी गेली. तिचा आवाज विरेपर्यंत धनाजी हाताच्या नखांकडं बघत बसला.

वस्तादांनी मातीच्या ढिगाखालच्या फ्लेक्सकडं नजर टाकली.

"ह्यात तुझा फोटू कुठाय?"

...

धनाजी मनानं वाईट नव्हता. फक्त जे करायचं ते दणक्यात, अशी त्याची खोड. वस्तादांचा प्रश्न काट्यासारखा आत शिरला आणि दोन दिवस सलत राहिला. तिसऱ्या दिवशी तो पेटला.

त्यानं नवा फ्लेक्स छापला. पहिल्यापेक्षा दुप्पट. त्यावर हात जोडलेला धनाजी, आणि मजकूर: 'पराभवाला खेळाडू नव्हे, आम्हीच जबाबदार. नागझरी, आम्हाला माफ कर.' तालमीच्या दारावर लावला, चौकात लावला, मैदानाच्या फाटकाजवळही लावला.

मग तो माफी मागायला अवधूतच्या घरी गेला. एकटा नव्हे, सगळी पोरं बरोबर घेऊन. निम्म्यांच्या हातात मोबाइल, चित्रीकरण सुरू. अवधूतची आई गांगरली. चहा टाकू की खुर्च्या मागून आणू, तिला काही सुचेना. अवधूत आतल्या खोलीतून बाहेर आला तो खाली मान घालूनच. धनाजीनं सगळ्यांदेखत वाकून त्याच्या पायाला हात लावला. पोरगं दचकून मागं सरलं आणि त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

"दादा, असं नका करू," एवढंच तो म्हणाला.

"तू ये परत," धनाजी म्हणाला. "तुला कोण बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

अवधूत आला परत. येणार नाही तर काय करणार?

पुढच्या सामन्याला धनाजीनं हुकूम सोडला: शिवी नाही, शिट्टी नाही, हलगी नाही. सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं. गॅलरी अख्खा सामना हात जोडून उभी राहिली. दुसऱ्या पेठेची माणसंही तो देखावा बघायला वळली. पेपरात फोटो आला. जो भेटेल तो म्हणे, धनाजीराव, मोठं मन लागतं हो असलं करायला!

नागझरी तो सामनाही हरली.

...

"आता सांगा," धनाजी म्हणाला. तो पुन्हा त्याच कठड्यावर बसला होता, पण यावेळी चपला आधीच काढून. "सगळा दोष माझ्या डोक्यावर घेतला. पेठेसमोर वाकलो. शिवी म्हणून एक उमटली न्हाई. तरी हरलो. आता आणि काय करायचं राहिलंय?"

वस्ताद एका लहानशा पितळी भांड्यातून हाताला तेल लावत होते. म्हातारपणात त्यांची बोटं आखडायची.

"पोरांसाठी काय ठेवलंस?"

"म्हंजे?"

"जिंकली तवा जिंकणं तू घरी नेलंस. आता हरणं बी तूच नेलंस." त्यांनी एकेक बोट ओढलं. "त्यांनी खेळायचं कशासाठी?"

धनाजीचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला वाटलं होतं, वस्ताद पाठीवर हात ठेवतील.

"काल अवधूतनं पेनल्टी अडवली," वस्ताद म्हणाले.

"व्हय, ऐकलं."

"कुठल्या अंगाला झेप घेतली?"

धनाजी आठवू लागला. आठवेना. आठवणार कसं? गॅलरीतलं कोणी हात खाली सोडतंय का, कोणी तोंड उघडतंय का, हे बघत तो पूर्ण वेळ उभा होता.

"माझं तोंड लोकांकडं होतं, वस्ताद."

"आणि त्याच्या हातनं चेंडू सुटला त्या दिवशी?"

"तवा बी... हलगी वाजवत होतो. लोकांना चढवायचं म्हंजे लोकांकडंच बघावं लागतं. गोल झाला ते पोरांच्या तोंडावरनं कळलं."

"म्हंजे बघितला न्हाईस."

"...न्हाई."

"गेल्या साली फायनलचा गोल?"

धनाजीनं मान हलवली. तो गोल त्यानं मोबाइलवर बघितला होता, नंतर, कितीतरी वेळा. पण मैदानात तो झाला तेव्हा त्याची पाठ मैदानाकडं होती. पेठेतला सगळ्यात मोठा समर्थक म्हणून ज्याला लोक ओळखत, त्या माणसानं कितीतरी वर्षांत नागझरीचा सामना बघितलाच नव्हता. हे त्याला आज, पितळी भांड्यातल्या तेलाकडं बघता बघता कळलं.

आणि न बघितलेल्या चुकीसाठी त्यानं एका जित्या पोराच्या फोटोला हार घातला होता.



"वस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला, "आता गोल गोल बोलणं नको. एकदाच सांगा. पोरं हरतात त्यात आमचा वाटा हाय, का न्हाई?"

वस्तादांनी भांड्यावर झाकण ठेवलं.

"रविवारी माझ्यासंगं ये," ते म्हणाले. "हलगी नको."

...

रविवारचा सामना शेवटचा होता. हरलं तर नागझरी वरच्या गटातून खाली जाणार होती. गॅलरी गच्च भरली होती, पण वस्ताद गॅलरीत गेले नाहीत. नागझरीच्या गोलमागं, कुंपणाच्या जाळीला लागून एक बुटकी पायरी होती. तिथं ते बसले. धनाजी शेजारी.

शिट्टी वाजली आणि धनाजी सवयीनं उठून गॅलरीकडं वळला. वस्तादांनी नुसता त्याचा खांदा धरला आणि त्याला मैदानाकडं फिरवलं. पैलवानाचा हात, म्हातारा झाला तरी.

धनाजी बघू लागला.

आधी त्याला काहीच कळेना. एवढा मोठा खेळ एकदम डोळ्यांत मावेना. मग त्यानं अवधूतवर नजर लावली आणि तिथंच ठेवली.

चेंडू पार पलीकडच्या गोलजवळ असला तरी पोरगं क्षणभर उभं राहत नव्हतं. दोन पावलं पुढं, दोन मागं. बचावातल्या पोरांना नावानं हाका. "पप्या, मागं बघ! राज्या, सोडू नको त्याला!" हे पोरगं असं सतत बोलत असतं, हे धनाजीला ठाऊकच नव्हतं. त्याच्या हलगीत ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

एक फटका आला. अवधूत आडवा झाला, चेंडू पोटाशी घेऊन उठला, कोपर खरचटलं होतं. कोपराकडं त्यानं बघितलंही नाही.

धनाजीच्या मुठी आवळल्या गेल्या. पण आवाज निघाला नाही.

मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला की अवधूत जागेवर यायचा, हातमोजे एकमेकांवर आपटायचा, आणि चेंडू यायच्या आधी एकदा झटकन मान वळवून गॅलरीकडं बघायचा. जिथं एकदा कुत्रं चावलंय त्या गल्लीतून जाताना माणूस बघतो, तसं. क्षणभरच. मग पुन्हा चेंडूकडं.

पहिल्या कॉर्नरला बघितलं. दुसऱ्याला बघितलं. धनाजीला वाटलं, योगायोग असेल. तिसऱ्यालाही बघितलं.

मध्यंतरात बाजू बदलल्या, तसे दोघं उठून अवधूतच्या नव्या गोलमागं जाळीला लागून बसले.

सामना संपायला थोडा वेळ उरला होता. गोल कुणाचाच नव्हता. बरोबरीनंही भागलं असतं. समोरच्या संघाला उजव्या बाजूनं कॉर्नर मिळाला. अवधूतनं मोजे आपटले, मान वळवली, गॅलरीकडं बघितलं... आणि तेवढ्यात चेंडू सुटला. अवधूत अर्ध्या पावलानं मागं पडला. झेपावला, बोटं लागली. चेंडू बोटांना घासून आत गेला.

पलीकडच्या गॅलरीत फटाके वाजले.

उरलेल्या वेळात काही घडलं नाही. शेवटची शिट्टी झाली आणि नागझरी खाली गेली.

नागझरीच्या गॅलरीतून आधी शांतता आली, मग बाटल्या आल्या. कोणी झेंडा काठीवरून ओरबाडून फेकला. धनाजी दिसत नाही म्हणून दोघं-चौघं त्याला हाका मारत होते. मग तेही कंटाळले. माणसं पाठ करून फाटकाकडं निघाली. मैदानात खेळाडू मान खाली घालून निघाले होते. अवधूत तेवढा गोलच्या खांबाला टेकून बसला होता, जाळीपलीकडं, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. एक हातमोजा काढलेला, दुसरा काढायचा राहिलेला.

"वस्ताद..." धनाजीचा आवाज घोगरा झाला होता, न ओरडताच. "त्यानं वर बघितलं. चेंडू यायच्या आधी."

वस्ताद अवधूतकडं बघत होते.

"आमच्याकडं बघितलं त्यानं."

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतराची धूळ झटकली.

"आता काय करू?" धनाजी म्हणाला. "माफी मागितली, ती बी चुकली. गप बसलो, ते बी चुकलं. मॅच तर संपली. आता काय करू मी?"

"बघितलंस न्हवं त्याला? पुरता?"

"बघितलं."

"मग आता ओरड. त्याच्याकडं बघून, त्याच्यासाठी."