रवळू गुरवाने गावाला गप्प केलं

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायची कुणाला घाईही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या काठी मळखोल नावाचा गाव होता आणि त्या गावात रवळू गुरव राहत होता. देवळात दिवा लावायचा, पूजा करायची आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं, हे त्याचं काम.

गाऱ्हाणं घालताना गुरव देवासमोर उभा राहतो आणि मोठ्याने मागणं मागतो. त्याने श्वास घ्यायला थांबायचा अवकाश, की हात जोडून उभा असलेला सगळा गाव एका तोंडाने म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मळखोलात अशी श्रद्धा होती की गावाने व्हय म्हटलं ते देवाने ऐकलं, आणि देवाने एकदा ऐकलं ते कुणाच्या बापाला फिरवता येत नाही.

रवळूची वाणी अशी, की तो गाऱ्हाणं घालू लागला म्हणजे वडावरचे कावळेसुद्धा गप्प बसायचे, असं म्हणतात. कावळ्यांचं खरंखोटं कावळ्यांना ठाऊक. गावकरी मात्र त्याचं काही ऐकत नसत. ते नुसता त्याचा सूर ऐकत, आणि सूर खाली उतरला की व्हय म्हणत. डोक्यात म्हशीचा विचार, नाहीतर घरच्या भांडणाचा. रवळूला हे माहीत होतं आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मळखोलची भातशेती एका मातीच्या बांधाच्या आड होती. बांधाच्या अलीकडे गोडं पाणी, पलीकडे खारं. बांध राखायची रीत अशी, की ज्याने त्याने आपल्या शेतापुढचा तुकडा बघायचा. पण मधेच एक तुकडा गावाच्या पडीक जमिनीपुढे येत होता. तो कुणाचाच नव्हता. भाद्रपदात, भात पोटरीला आलेलं असताना, पुनवेच्या उधाणाने नेमका तिथेच बांध फोडून खांड पाडली. जो तो दुसऱ्याच्या मातीच्या टोपलीची वाट बघत राहिला आणि खांड रोज रुंदावत गेली. आता अमावास्येचं उधाण आलं की सगळं शेत खारं होणार, आणि एकदा खारं झालेलं शेत वर्षानुवर्षं पिकत नाही. गाव भ्याला.

तेव्हा गावचा मोठा मानकरी विसाजी खोत म्हणाला, देवाने स्वप्नात येऊन सांगितलंय, बांधाला माणूस हवा. आवडूला बळी द्यायचं.

आवडू म्हणजे आईबापावेगळी मुलगी. आठ-नऊ वर्षांची असेल. आज या घरी जेवायची, उद्या त्या घरी झोपायची, आणि कुणीही सांगितलेलं काम करायची.

"रवळू, गाऱ्हाणा तू घालतलंस," खोत म्हणाला. "गावान व्हय म्हटला की झाला. त्या चेडवाचा कोण नाय. तेका रडतला कोण?"

रवळू घरी आला. गाऱ्हाणं घालायलाच जायचं नाही, असं त्याने घरात सांगून टाकलं. त्याची बायको सगुणा चुलीपुढून म्हणाली, "तुमी नाय गेलास तर खोत दुसऱ्या कोणाक तरी उभो करतलो. तेच्या तोंडाक हात कोण लावतलो?" हे खरं होतं. रवळूला रडू आलं, पण तो उठला.

अमावास्येची सकाळ उजाडली. भरती दुपारी यायची होती. आवडूला न्हाऊ घालून नवं लुगडं नेसवलं होतं, केसांत अबोलीचा वळेसार माळला होता. इतक्या बायकांनी मिळून तिला कधी नटवलं नव्हतं. पोर हरखून गेली होती आणि हसत सगळ्यांना लुगड्याचा काठ दाखवत होती. बायका माना फिरवत होत्या.

रवळू देवासमोर उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी इली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाचो काय एक गुन्हो नाय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

रवळू मनात म्हणाला, तिचा गुन्हा नाही, यालाही हे व्हय म्हणतात! आणि आता बळीचं वाक्य उच्चारलं, की त्यालाही असंच व्हय म्हणतील, म्हशीचा विचार करत. खोत त्याच्याकडे बघत होता. बांधाकडून पाण्याचा आवाज येऊ लागला होता. रवळूने श्वास घेतला, आणि नुसत्या त्या थांबण्यानेच लोकांची तोंडं उघडली. तेव्हा जन्मात केलं नव्हतं ते त्याने केलं. देवाकडे पाठ फिरवली आणि गावाकडे तोंड केलं.

"ह्या चेडू कोणाचा?"

"व्हय म्हा..." एवढं होऊन लोक अडखळले. सवालाला व्हय कसं म्हणणार?

"कोणाचा नाय म्हणतास? मगे ज्याच्या घरची पेज हेच्या पोटात नाय, तेणा पुढे येवचा!"

कुणी पुढे आलं नाही.

"तुमची म्हातारी तापान फणफणली, तेव्हा तिका पाणी कोणी पाजल्यान? तुमची म्हस खाडयेत गेली, तेव्हा तिका कोणी हाकून आणल्यान? आज तेच चेडू चिखलात पुरूचा? आणि उद्या घरातल्या पोरांका काय सांगतलास? बांध कसो रवलो म्हणान?"

खोत ओरडला, "गाऱ्हाणा घाल, रवळू! सवाल नको!" पण रवळू थांबेना. सवालामागून सवाल येत राहिले आणि गाव गप्प उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या व्हय म्हणणारा गाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होता. असं म्हणतात, की वाराही पडला आणि देवळातल्या समईची ज्योत सरळ उभी राहिली. सगळ्या शांततेत एकट्या आवडूचा आवाज आला, "माका खंय पुरतास?" ते ऐकून बायकांनी हंबरडाच फोडला.

रवळूने पुन्हा देवाकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, बांधाक माणूस व्हयो म्हणतंस. मगे आमी कोण? माणसा न्हय? एकच कित्याक, सगळी घे! आज अख्खो गाव बांधात उभो रवतलो म्हाराजा!"

मग जी "व्हय म्हाराजा" उठली, ती खाडीपलीकडच्या गावाला ऐकू गेली, असं म्हणतात. गावाने व्हय म्हटलं होतं. आता मागे फिरणं नव्हतं. खोतालाही नव्हतं.

खांदे भिडवून माणसं खांडीत उतरली. मागून बायकांनी आणि पोरांनी मातीच्या टोपल्या ओतायला सुरुवात केली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. मधोमध रवळू होता. त्याने आता दर्याला सवाल घातले. तुझं पोट एवढं मोठं, त्याला आमच्या मूठभर भाताची काय भूक? पाणी हनुवटीला टेकलं, तरी त्याचा आवाज चालूच होता. असं म्हणतात, की दर्याला उत्तर सुचेना आणि भरतीची वेळ सरायच्या आधीच तो मान खाली घालून परत गेला.

बांध राहिला. माणसं सगळी वर आली. पण रवळूचा आवाज खाडीतच राहिला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. आवडू त्याच्याच घरी वाढली आणि थोरपणी तीच त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालू लागली.

मळखोलचं गाऱ्हाणं आजही निराळं असतं. शेवटाला गुरव गावाकडे तोंड करतो आणि विचारतो, "गावात कोण असो आसा, ज्येचा कोण नाय?" मग कुणी व्हय म्हणत नाही. सगळे गप्प राहून इकडेतिकडे बघतात. याला रवळूची गप्प म्हणतात, आणि ती पुरी होईपर्यंत देवाला नैवेद्य दाखवत नाहीत.

पुढचं मात्र ऐकीव नाही, पाहणारे अजून हयात आहेत. एका वर्षी ती गप्प फार लांबली. लोक चुळबुळू लागले. शेवटी एक म्हातारी काठी टेकत उठली आणि देवळाच्या बाहेर गेली. चिऱ्यांच्या खाणीवर कामाला आलेलं परमुलखातलं एक जोडपं मागल्याच महिन्यात दरडीखाली गेलं होतं. त्यांचा मुलगा दीपमाळेच्या आड उभा होता. म्हातारीने त्याला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या शेजारी उभं केलं.

गुरवाने तिच्याकडे बघितलं.

"माझो," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.