चौथा गड

"सात चोक सत्तावीस!"

शाळेवरून चाललेल्या दुर्जयसिंह महाराजांनी हे ऐकलं आणि घोडा जागीच उभा केला. आत सदोबा पंतोजी पाढे घेत होते आणि तीस पोरं "अठ्ठावीस! अठ्ठावीस, पंतोजी!" असं ओरडत हसून लोळत होती.

"ज्याला पाढा येत नाही तो पोरांना काय शिकवणार?" महाराज गरजले. "आठ दिवसांत याने नांदरगडाची हद्द सोडावी!"

आता सदोबांना पाढे येत नव्हते का? अहो, झोपेतून उठवून विचारलं तरी साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, म्हणजे औटकीपर्यंत घडाघडा म्हणतील असा माणूस! पण मुद्दाम चुकायचं आणि पोरांनी पकडायचं, हा त्यांचा रोजचा खेळ. चूक सापडेल म्हणून पोरं डोळ्यांत तेल घालून ऐकायची. पावकी शिकवायची तर ते स्वतःच्या दुपारच्या भाकरीचे चार भाग करत, आणि जो बरोबर सांगेल त्याला एक भाग. पोरं हुशार निघाल्यामुळे पंतोजी बऱ्याचदा उपाशीच घरी जात. पण हे महाराजांना सांगणार कोण? दिलेला हुकूम मागे घ्यायचा म्हणजे त्यांना दाढ उपटल्यासारखं वाटे.

सदोबांच्या जागी दफ्तरखान्यातले त्रिंबकपंत आले. अक्षर मोत्यासारखं, चूक म्हणून सापडायची नाही. पण मान वर करून माणसाकडे बघायची सवयच नव्हती. पोथीत नाक खुपसून ते प्रत्येक ओळ तीनदा म्हणत, एकाच सुरात, आणि मधेच नाक शिंकरत.

शाळा झाडणारी आणि पोरांच्या पाट्यांवर लिहायला धूळ पसरणारी येसू हे सगळं बघत होती. दरबारात महाराजांची ललकारी देणाऱ्या धर्माजी चोपदाराची ही मुलगी. झाडता झाडताच तिचे पाढे पाठ झाले होते, ते सदोबांमुळे. ते जाणार म्हणून तिचा जीव तीळ तीळ तुटत होता.

आठव्या दिवशी महाराज स्वतः शाळा बघायला आले. बघतात तो काय, तीसच्या तीस पोरं गाढ झोपलेली! एक पोरगा तर धुळीच्या पाटीवरच गाल टेकून घोरत होता. त्रिंबकपंतांना पत्ताच नव्हता. त्यांचा सव्वाचा पाढा, सवायकी, चालूच होती.

"आळशी कार्टी!" महाराज म्हणाले.

"पोरं तीच हाईत, सरकार," दाराआडून येसू म्हणाली. "शिकवणारा बदलला."

"येसे, गप की गं!" महाराजांमागे काठी घेऊन उभ्या असलेल्या धर्माजीला घाम फुटला.

"शिकवणाऱ्याचा काय संबंध?" महाराजांनी मिशी वर केली. "पोथी तीच, पाढा तोच! शब्द तेच असले की म्हणणारा कुणी का असेना!"

"न्हाई, सरकार. म्हणणाऱ्यावरच सगळं हाय."

"असं? मग सिद्ध कर! पण पोरांची साक्ष मला चालणार नाही. माझा मला अनुभव आला पाहिजे. आणि हेही ऐकून ठेव, मी काही पाटी घेऊन शाळेत बसणार नाही! उद्या दुपारपर्यंत पटवलंस तर सदोबा राहील, नाहीतर निघेल!"

धर्माजीने कपाळाला हात लावला. शाळेत न बसता महाराजांना शाळेचा अनुभव कसा यायचा? येसूने मात्र क्षणभरच विचार केला.

"सरकार, शब्द तेच असले की म्हणणारा कुणीही चालंल, असंच ना?"

"शंभरदा सांगू का?"

"मग उद्या दरबारात माझ्या आबाच्या जागी त्रिंबकपंतांनी ललकारी द्यावी. शब्द तेच, एक कमी न्हाई का जास्त न्हाई."

महाराज हो म्हणून बसले. आपलंच बोलणं नाकारणार कसं?

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराज सिंहासनावर बसले. त्रिंबकपंतांनी कागद नाकाशी धरला.

"शत्रूंचा काळ. शत्रूंचा काळ. शत्रूंचा काळ." त्यांनी नाक शिंकरलं. "रयतेची ढाल. रयतेची ढाल. रयतेची ढाल. सात गडांचे धनी. गड पहिला, नांदरगड. गड पहिला, नांदरगड..."

महाराजांनी पहिली जांभई मुठीत दाबली. दुसऱ्या गडाला मान कलली. तिसऱ्या गडाला डोक्यावरचा मंदिल डाव्या भुवईवर आला. चौथ्या गडाला महाराज घोरू लागले! दरबारी एकमेकांकडे चोरून बघत होते, पण हसायची कुणाची छाती? पंतांनी मान वर केलीच नाही. सातही गड सर करून त्यांनी कागदाची घडी घातली.

येसूने बापाला खूण केली. धर्माजीने चांदीची काठी फरशीवर आपटली, छाती भरून घेतली आणि तेच शब्द एकेकदा असे ठणकावले की छतावरची कबुतरं उडाली.

"शत्रूंचा काळ! रयतेची ढाल! सात गडांचे धनी...!"

महाराज खाडकन ताठ झाले. हात आपोआप मिशीवर गेला.

"मी जागाच होतो!" ते घाईने म्हणाले. "डोळे मिटून ऐकत होतो!"

"व्हय, सरकार," येसूने हात जोडले. "मग चौथ्या गडाला त्रिंबकपंतांनी किती वेळा नाक शिंकरलं?"

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधानही नुकतेच जागे झाले होते.

"सरकार, गड तुमचे, कौतुक तुमचं, अन् तरी तुम्हाला चौथ्या गडाच्या पुढं जागं राहावलं न्हाई!" येसू म्हणाली. "त्या लेकरांपुढं तर नुसती सवायकी हाय!"

महाराज असे खो खो हसत सुटले की भुवईवर आलेला मंदिल खालीच पडला.

"बोलवा त्या सदोबाला! माझा घोडा पाठवा! आणि त्रिंबकपंतांना दफ्तरात मानाने परत न्या. ज्या दिवशी मला झोप येणार नाही, त्या दिवशी त्यांचाच उपयोग!" महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूपुढे धरलं. "आणखी काय हवं, पोरी?"

"शाळेत बसायला जागा, सरकार. झाडू मारायला न्हाई, शिकायला."

"दिली! पहिल्या रांगेत!"