मिल्कामावशीचा शनिवार

एकदा काय झालं, एक गलबत खडकावर फुटलं आणि फळीला धरून मिल्का आपल्या किनाऱ्याला लागली. परक्या मुलखातली बाई. पण इथलं लुगडं नेसली, इथली भाषा शिकली, तेलाचा घाणा घातला आणि साऱ्या कोळणींची मिल्कामावशी झाली. एक गोष्ट मात्र तिनं सोडली नाही. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. तो तिच्या देवाचा दिवस. तिच्या भुऱ्या बैलालाही सुट्टी, बरं का!

तिथल्या राजाला रोज ताज्या तेलानं अंग चोळून घ्यायची सवय. एका शनिवारी त्याचा हवालदार आला.

"मावशी, तेल काढ."

"उद्या या हो."

मग दुसऱ्या शनिवारी शिपायांनीच भुऱ्याला जुंपलं. भुऱ्या मटकन बसला आणि चक्क बोलला, "आज सुट्टी आहे, हवालदारसाहेब." हवालदाराची पगडीच पडली!

राजा खवळला. "पुढच्या शनिवारी घाणा फिरला नाही, तर गाव सोडायचं!"

मावशी रडली. बोचकं बांधलं. पण शनिवार सोडते म्हणाली नाही.

तिसऱ्या शनिवारी भर दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. होड्या समुद्रात, आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या टेकडीवरच्या दिव्यातलं तेल संपलेलं! कोळणी धावत आल्या. पण शनिवार ना? तोंडानं कुणी मागेना. दारात नुसत्या उभ्या.

मावशी उठली. "भुऱ्या, चल."

"अगं, आज शनिवार!"

"जीव वाचवायचाय रे. त्याला आपला देव नाही म्हणत नाही."

घरात तीळ मूठभर. पण भुऱ्या असा फिरला, असा फिरला, की घागरभर तेल निघालं! दिवा पेटला. एकेक करून सगळ्या होड्या परतल्या.

मग राजा आला टाळ्या पिटत. "फिरला की नाही घाणा? आता माझं तेल काढ!"

"माणसं घरी आली, महाराज. घाणा थांबला. तुमचं तेल उद्या. नाहीतर ही मी निघाले." तिनं बोचकं उचललं.

तशी एक म्हातारी कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी चालली तर आम्हीपण चाललो. बोंबील कोण देतो तुला, बघतेच!"

राजा बोंबलांशिवाय जेवत नसे. तो हसला. "ठेव गं बाई ते बोचकं. शनिवारी मी कोरड्या अंगानं न्हाईन."

आणि तो खरंच तसा न्हायला. मावशी, भुऱ्या, कोळणी, सगळे सुखानं नांदले. चला, पांघरुणात पाय घ्या बघू. भुऱ्यासुद्धा झोपला.