तारण राहिलेला मंत्री

पूर्वी कंपिल्ल नगरात सुतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा मंत्री होता. पण ही गोष्ट राजवाड्यात सुरू होत नाही. ती सुरू होते डोंगराआडच्या वेळूग्रामात, कारण भीतीचे बिऱ्हाड तिथे होते.

त्या गावात कोणतीही आई आपल्या तरण्या मुलाला नावाने हाक मारीत नसे. सुतेजाच्या बापाने एकदा गावाला धान्य आणि कुदळी पाठवल्या होत्या. लोकांनी राजाला तोंडभर आशीर्वाद दिले. पुढच्या सुगीला राजाची माणसे आली. ती ओढ्याकाठी दबा धरून बसली, सांजवेळी कोणती आई कोणाला हाक मारते ते त्यांनी ऐकून घेतले, आणि सकाळी नगारा वाजवून तीच नावे पुकारली. खाल्लेले धान्य फेडा, असे म्हणत त्यांनी पुरुषांना वेठीला नेले. विपुला नावाच्या बाईचा नवरा त्यांत होता. तो परत आला नाही.

तेव्हापासून विपुलाला मुलाला बोलवायचे झाले तर ती बांबूवर बांबू आपटी. मुलाचे नाव सोमिल. त्याला मिसरूड फुटले तेव्हा दुसरी एखादी आई हसली असती. विपुलाची झोप उडाली.

अशात ओढा आटला. बायका खिंडीपलीकडून पाणी आणू लागल्या. हे सुतेजाला कळले तेव्हा त्याने तळे बांधण्यासाठी राजभांडारातून धान्य, हत्यारे आणि बैल दिले, आणि सोबत बोधिसत्त्वाला पाठवले.

गाड्या दिसताच गावाची पाचावर धारण बसली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; हे गाव तर ताक पाहूनच वेळूच्या बनात पळाले. विपुलाच्या पायात काटा मोडला होता, म्हणून ती तेवढी दारात राहिली.

"महाराज, गाड्या परत न्या," ती हात जोडून म्हणाली. "आमच्याकडं द्यायला आता माणसं उरली नाहीत."

बोधिसत्त्वाने तिला सगळे विचारले आणि शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "माई, तुमच्याकडे उसनं देताना काय रीत आहे?"

"घेणारा तारण ठेवतो."

"मग या वेळी देणारा ठेवील. तळ्याच्या पाण्यावरचा पहिला भात तुम्ही खाईपर्यंत या गावातून कर नाही, वेठ नाही, असा राजाचा शब्द आहे. तोवर मी इथेच राहतो. शब्द मोडला तर माझा जीव तुमचा."

हळूहळू लोक बाहेर आले. बांध उभा राहिला, पावसाळ्यात तळे भरले, भात पोटरीला आला. बोधिसत्त्व विपुलाच्या पडवीत झोपे आणि सगळ्यांबरोबर माती वाही. पण तिने सोमिलाला काही बनातून बाहेर काढले नाही. माणूस चांगला आहे हे तिला पटले होते. नवराही हेच म्हणत गेला होता, की राजा चांगला आहे.

भात कापून खळ्यावर आला आणि शिवेवर नगारा वाजला.

राजाच्या नव्या उपवनाला भिंत घालायची होती. बांधकामाचा अधिकारी शिपाई घेऊन माणसे न्यायला आला होता. राजाचा शब्द त्याला कोणी सांगितलाच नव्हता. गावाला काय ठाऊक? गावाला फक्त नगारा ठाऊक होता. गावच्या मुखियाने दोर आणला. बोधिसत्त्वाने आपणहून हात पुढे केले. मुखियाने ते खांबाला बांधले आणि विपुलाच्या हातात कोयता दिला, कारण तारण तिच्या घरचे होते. तिचे हातपाय लटपटत होते.

अधिकारी बोधिसत्त्वाला पाहून चपापला. "मंत्रिवर, आज्ञा करा. माझे शिपाई तुम्हाला आत्ता सोडवतील."

"मी इथे मंत्री नाही, तारण आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "एक माणूस जरी नेलास तरी ही बाई कोयता चालवील, आणि तिचं चुकणार नाही. आधी राजाला विचार."

अधिकारी घोड्यावर बसून गेला. शिपाई शिवेवर थांबले. तो परत येईपर्यंत गावात चूल पेटली नाही. विपुला कोयता घेऊन बोधिसत्त्वासमोर बसून होती. तिला शिपायांची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त आपल्या हाताची. शेवटी अधिकारी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "राजा म्हणतो, भिंत राहू दे."

नगारा डोंगराआड गेला. विपुला दोर कापायला धावली.

"थांब, माई," बोधिसत्त्व म्हणाला. "पहिला भात अजून खाल्ला नाही तुम्ही."

मग तिने नवे तांदूळ कांडले आणि भात रांधला. पहिला घास तिने बांधलेल्या माणसाला भरवला, दुसरा स्वतः खाल्ला, आणि दोर कापला. नंतर ती अंगणात आली. तिने बांबू उचलले, हातात धरले, आणि खाली ठेवले. मग बनाकडे तोंड करून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी तिने हाक मारली, "सोमिला! जेवायला ये रे!"

ही गोष्ट शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, विहारात सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे या जन्मीचा आपला भिक्षू आनंद. विपुला म्हणजे ती दाराशी उभी असलेली नवी भिक्षुणी. भिक्षापात्र पुढे करताना तिचे हात कापतात म्हणून तुम्ही काल तिला हसलात. आणि खांबाला बांधलेला तो मंत्री मी होतो. देणाऱ्याने आधी अभय द्यावे, मग धान्य. हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता."