रेवतीची पहिली काठी

"पण पहिलीच काठी घ्यायची तर पाच नंबरची की सहा?"

रेवतीने हे तिसऱ्यांदा विचारलं. नाना भोई गळाच्या आकड्यावर कोंबड्याचं पीस बांधत होते. दोऱ्याचा वेढा पुरा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पूल झाला आणि नानांची होडी बंद पडली, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. त्याआधी ते धरणावरच्या एका साहेबाला होडीतून फिरवत. तो साहेब गळाला गांडूळ लावत नसे. पिसांची खोटी माशी, लांब लवचीक काठी आणि जाडसर दोर. त्या दोराच्याच वजनाने माशी पाण्यावर अलगद नेऊन ठेवायची. साहेब गेला, विद्या नानांकडे राहिली. आता पुण्याहून गाड्या येत, आणि उतरणारा प्रत्येक जण नमस्काराच्या आधी काठीचा नंबर विचारी.

"मी सगळं वाचून आलेय, नाना. नंबर म्हणजे दोराचं वजन. लहान माशांना चार, खडसासारख्या दांडग्या माशाला आठ. नवशिक्याला पाच म्हणतात, पण काही जण..."

नानांनी जांभई दिली आणि आढ्याकडे बोट केलं.

वर अकरा काठ्या टांगलेल्या होत्या. काहींच्या मुठीवरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता.

"या कुणाच्या?"

"सगळ्यांच्या पहिल्याच. सोडून गेले. घे त्यातली कुठलीबी."

रेवतीने एकेक काठी वाकवून पाहिली, रॅकेट निवडावी तशी, आणि सगळ्यांत ताठ होती ती घेतली. नानांनी ते पाहिलं.

नदीकाठच्या कापलेल्या गवतावर त्यांनी दोराच्या टोकाला आकड्याऐवजी तांबड्या लोकरीचा गोंडा बांधला. पाण्यात कधी, असं तिने विचारल्यावर म्हणाले, पाण्याला आत्तापासून कशाला त्रास.

मग त्यांनी एकदाच करून दाखवलं. हात वर गेला, दोर डोक्यावरून मागे गेला आणि क्षणभर हवेत आडवा राहिला, वाळत घातल्यासारखा. मग हात पुढे आला. गोंडा वीस हातांवर गवतात टेकला.

"मागं पुरता सरळ होऊ दे. मग पुढं."

एवढं सांगून ते पालथ्या होडीवर जाऊन बसले.

दुपारपर्यंत चार गोंडे तुटले. दोर चाबकासारखा कडाडे आणि पायांशी ढीग होऊन पडे. एकदा तो रेवतीच्या कानातल्यात अडकला, एकदा नव्या मंगळसूत्रात. ते सोडवताना ती इतकी दमली होती की हसूही आलं नाही.

"कुणाला मारतीयस?" नानांनी बसल्या जागेवरून विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. बॅडमिंटन. तीन वेळा राज्यात पहिली. माणसं आडनाव सांगतात त्या सुरात ती हे सांगत असे. पेपरवाले तिच्या मनगटावर लिहायचे.

"बरं," नाना म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे ऐकलं."

रेवती गवतात बसली, आणि उरलेलं न विचारताच बोलून गेली. चौथ्या फायनलला शटल डोक्यावरून उंच गेलं. ती उलट्या पावली मागे धावली आणि गुडघा निखळला. दोन ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला. घर रिकामं आहे तोवर रंग काढून घ्यावा, तसं घरच्यांनी त्या सवडीत लग्न उरकून घेतलं. नवरा भला माणूस होता. गुडघा लागणार नाही असा खेळ त्यानेच शोधून काढला होता, आणि आपली अडचण नको म्हणून सकाळपासून पुलाच्या सावलीत गाडीत बसून राहिला होता. क्रीडा कार्यालयात नोकरी चालून आली होती. खुर्ची, पंखा, दुसऱ्या मुलींच्या अर्जांवर शिक्के. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं.

"पंधरा दिवसांची मुदत होती. तेरा मी वाचण्यात घालवले," ती म्हणाली. "हे जमलं नाही तर सोमवारी जाऊन सही करते. मग माझ्या हातात खेळ म्हणून काहीच..."

नानांनी नदीकडे पाहिलं. मग कण्हत उठले. खांद्यावरच्या पंच्याची कड दातांनी फाडून त्यांनी पट्टी काढली, आणि काठीची मूठ रेवतीच्या कोपराखाली हाताला करकचून बांधून टाकली.

मनगट हलेना.

तिला ते फार लागलं. "मनगटच बांधलंत तर माझ्याजवळ राहिलं काय?"

"ते बघू की."

तिने रागानेच दोर टाकला. दोर कडाडला नाही. पण मागे जाऊन पोचायच्या आतच तिने तो पुढे ओढला आणि तो पुन्हा पायांशी आला. दहा वेळा तसंच. विसाव्या वेळीही तसंच.

"मागं थांबत का न्हाईस?"

"थांबलं की पॉइंट जातो, नाना."

"पलीकडं हाय कोण?"

रेवतीने पाहिलं. पलीकडच्या काठावर एक म्हैस रवंथ करत होती.

"मागे भार गेला ना, की हा पाय..." तिने मोकळा हात गुडघ्यावर ठेवला.

पुलावरून एक ट्रक गेला.

मग नाना चालत तिच्या पाठीमागे गेले, दोराच्या वाटेतून बाजूला सरून उभे राहिले.

"टाक."

तिने हात वर नेला. नाना मागे उभे होते म्हणून असेल किंवा आता अंगात घाईपुरतंही बळ उरलं नव्हतं म्हणून असेल, या वेळी तिची मान दोराबरोबर वळली. दोर डोक्यावरून गेला. त्याची एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. सावकाश, कुणाची वाट अडलेली नसल्यासारखा तो मागे मागे जात राहिला. तिचा सगळा भार मागच्या पायावर आला.

गुडघा होता तिथेच राहिला.

हात कधी पुढे आला ते तिला कळलंच नाही. उन्हं डोळ्यांवर आली होती. गोंडा गवतात कुठे दिसेना. पट्टीखाली हाताला मुंग्या येत होत्या.

"कुठवर गेला, नाना?" तिने विचारलं. "जमेल ना मला?"

तिने वळून पाहिलं. नाना तिच्याकडे पाठ करून उभे होते, अजून मागच्या मोकळ्या हवेकडे बघत.

"पुढचं मी बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "मागं सरळ झाला होता."