दरबारातलं अंडं

“उद्या सकाळी, भर दरबारात, माझ्या डोळ्यांदेखत या कोंबडीनं अंडं घातलं पाहिजे! नाहीतर ती रश्श्यात आणि तू वेशीबाहेर!”

एवढं बोलून महिपाल राजे खुराड्यापासून तरातरा निघून गेले. कोंबड्या राखणारी गोजरा चंद्रीला पोटाशी धरून तिथंच उभी राहिली. चंद्री तिची घरची कोंबडी, पिल्लू असल्यापासून ओंजळीत वाढवलेली.

राजांना कोंबड्या पाळायचा नवा छंद लागला होता. महालामागच्या परसात त्यांनी ऐसपैस खुराडं बांधलं, दाण्यापाण्याला चांदीची भांडी ठेवली, आणि समोर पाट मांडून ते सकाळभर टक लावून बसू लागले. ते बसले की एकही कोंबडी अंडं घालत नसे. वैतागून जेवायला उठले की अंडी हजर! शेवटी राजांनीच शोध लावला, “कोंबड्या अंडी घालतच नाहीत! ही पोरगी बाजारातून आणून ठेवते!”

यावर गोजरानं चोख उत्तर द्यायला हवं होतं. पण गोजरा म्हणजे कोंबड्यांशी तासन्‌तास गप्पा मारणारी आणि माणूस दिसलं की मुकी होणारी. तिला चोख उत्तरं सुचत, पण माणूस निघून गेल्यावर. आताही राजे दिसेनासे झाल्यावर ती चंद्रीला म्हणाली, “मी कशाला बाजारात जातेय? तिथं घासाघीस करायला बोलावं लागतं!”

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. मधोमध पेंढा घातलेल्या डालग्यात चंद्री बसली होती आणि तिच्यामागे, शक्य तितकी लहान होऊन, गोजरा उभी होती.

“नाव काय गं तुझं?” प्रधानांनी विचारलं.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. गोजराचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नाव काही बाहेर येईना!

“अरे, हिला स्वतःचं नाव येत नाही, हिची कोंबडी काय अंडं देणार!” सेनापती खदखदले. सगळा दरबार हसला.

डालग्यात चंद्रीचंही तेच चाललं होतं. बसायची, मान ताणून सगळ्यांकडे बघायची, दचकून उठायची. गोजराला वाटलं, आपण आरशातच बघतोय. फरक इतकाच, की चंद्रीला निदान तुरा तरी आहे! तिला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर एक युक्तीही सुचली. चक्क माणसं समोर असताना!

“म... महाराज,” ती चंद्रीकडेच बघत म्हणाली, “कोंबडी अंडं घालेल. पण आधी आपण एक डुलकी घेऊन दाखवा. इथंच, सगळ्यांसमोर.”

“अगं ए!” प्रधान ओरडले.

“थांबा हो, प्रधानजी,” राजे म्हणाले. “झोपायचंच ना? त्यात काय अवघड! दिवसभर मी दुसरं करतो काय?”

“महाराज, ते खाजगीत!” प्रधान कुजबुजले.

राजांनी लोडाला टेकून डोळे मिटले. दरबार श्वास रोखून बघू लागला. राजांचं नाक खाजू लागलं. मग कान. मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला.

“सेनापती, तुम्ही असे डोळे वटारून काय बघताय? मी झोपतोय, पळून जात नाहीये!”

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा उघडले.

“छे! इतके जण बघत असताना झोप येईल कशी? तोंडं फिरवा भिंतीकडे! आणि खबरदार, कुणी शिंकलं तर!”

सगळ्यांनी तोंडं फिरवली. गोजरानंही फिरवली. दरबारात चिडीचूप शांतता पसरली.

आधी ऐकू आलं ते घोरणं. राजांचं!

आणि थोड्या वेळानं... “कॉक्‌ कॉक्‌ कॉक्‌ कॉकाऽऽक!”

“कोण आलं? तोफा लावा!” राजे धडपडत उठले.

डालग्यात चंद्री दिमाखात उभी होती आणि पेंढ्यावर गरमागरम अंडं!

राजांनी अंड्याकडे पाहिलं. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पण मी पाहिलंच नाही! माझी अट होती, डोळ्यांदेखत! कशावरून हे तूच आणून ठेवलं नाहीस?”

रश्श्यासाठी दारात थांबलेला आचारी एक पाऊल पुढे सरकला. गोजरानं चंद्रीला उचलून घट्ट धरलं.

“महाराज, आपण आत्ता झोपला होतात?”

“म्हणजे काय! मस्त झोप लागली होती!”

“कुणी पाहिलं?”

राजांनी दरबाराकडे बघितलं. सगळे माना हलवत म्हणाले, “आमची तोंडं भिंतीकडे होती, महाराज!”

“मग कशावरून,” गोजरा म्हणाली, “ती झोप आपलीच होती? कुणी बाजारातून आणून आपल्या डोळ्यांवर ठेवली असेल तर?”

मग राजे असे काही हसले, की मुकुट घसरून नाकावर आला.

“म्हणजे रोज सकाळी पाट मांडून त्या बिचाऱ्यांची अंडी अडवून बसणारा गाढव मीच! अगं पोरी, ते परस, ते खुराडं आजपासून तुझं! आता तिथं यायचं तर मलाच तुझी परवानगी लागेल!”

“या की, महाराज,” गोजरा म्हणाली. “पण दुपारी जेवण झाल्यावर!”

राजे पोट धरून पुन्हा हसले आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात ठेवलं.